इलाच्या बारशातली अकरा सेकंदं

१

बारशाच्या दिवशी दुपारी साडेबाराला, एडिसनमधल्या सुशांतच्या घरी, सहा आठवड्यांची मुलगी निळी पडली आणि दहा मिनिटांच्या आत त्याचा दोष माझ्या बायकोच्या माथी बसला.

माझी बायको कांचन बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालते. इथे परदेशात, एडिसनपासून पार्सिपनीपर्यंत, बावीस वर्षांत तिच्या पायांवर तीनशेच्या वर बाळं न्हाली. तिला गाडी येत नाही. मी आयुष्यभर ट्रक चालवला, आता तिला घरोघरी पोचवतो आणि बाहेर गाडीत बसून राहतो. सुशांतच्या घराची बेल चालत नव्हती, तिच्यावर चिकटपट्टी लावलेली होती. आम्ही दारातून फोन करायचो, मग त्याची बायको राधिका दार उघडायची. नवीन बाळ आहे म्हणून असेल, असं मला वाटायचं.

त्या रविवारी आम्ही पाहुणे होतो. आत्याला रजा मिळेना म्हणून बारसं लांबलं होतं. आत्या म्हणजे सुशांतची मोठी बहीण रेखा. मी स्वयंपाकघरात वाट्यांत घुगऱ्या भरत होतो. बाहेर रेखा पाळण्यावर वाकली असणार, कारण बायकांचं हसणं ऐकू आलं, मग "कुर्रर्र", मग तिच्या पाठीवर धपाधप धपाटे. नंतर भांडं पडल्याचा मोठा आवाज. मग किंकाळी.

मी दारात आलो तेव्हा कांचनच्या हातात बाळ होतं. तिने त्याचे गुडघे पोटाशी आणि डोकं छातीशी दाबून त्याची पुरचुंडी केली होती. रेखा ओरडत होती, "सोडा तिला! मोडाल!" मग बाळ रडलं. ते रडणं मला देवळातल्या घंटेसारखं वाटलं.

पण बाकीच्यांना तसं वाटलं नाही. कोणाच्या तरी फोनमध्ये अकरा सेकंदांचा व्हिडिओ निघाला. त्यात एवढंच दिसत होतं: एक म्हातारी बाई पाळण्यातून बाळ हिसकते आणि घडी घालावी तशी त्याची घडी घालते. संध्याकाळपर्यंत तो इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर फिरला. रात्री आठपर्यंत तीन घरांनी कांचनला फोन करून "सध्या कॅन्सल करूया" म्हणून सांगितलं.

सोमवारी सकाळी त्याहून वाईट कळलं. बाळाला बारशातूनच हॉस्पिटलमध्ये नेलं होतं, आणि हॉस्पिटलने नियमाप्रमाणे बालसंरक्षण खात्याला कळवलं होतं. मिसेस डॉसन नावाच्या बाई गुरुवारी दुपारी चार वाजता सुशांतच्या घरी येणार होत्या. बाळाला इजा कोणी केली हे तोवर कळलं नाही, तर मुलगी हॉस्पिटलमधून घरी येणार नव्हती. खातं तिला सांभाळायला परक्या घरी देणार होतं.

"माझं काय व्हायचं ते होवो," कांचन म्हणाली. "पण अहो, त्या परक्या बाईला पोरीला कसं धरायचं ते कुठे माहीत आहे?"

२

मी केयाला फोन केला. केया इथेच जन्मलेली. दुसऱ्या एका हॉस्पिटलमध्ये ती जनुकांची समुपदेशक आहे. म्हणजे घराण्यात कुठला आजार रक्तातून उतरतो ते माणसांशी बोलून शोधायचं. तिच्या मुलाला कांचनने न्हाऊ घातलं होतं. ती त्याच संध्याकाळी आली, जोडे काढले आणि सरळ जमिनीवर मांडी घालून बसली.

"मावशी, मला बारशाचं नको सांगूस. बाथचं सांग. पहिल्या दिवसापासून."

"सगळ्या बाळांसारखंच की गं."

"सगळी बाळं सेम नसतात, हे तूच मला सांगितलं होतंस. माझ्या आर्यला तू म्हणायचीस, हा डावीकडेच वळतो."

कांचन जरा हसली. दोन दिवसांत पहिल्यांदा. मग मला म्हणाली, "अहो, वही द्या."

रोज घरी आल्यावर कांचन सांगते आणि मी लिहितो. कोणाला कुठलं तेल, कोणाच्या टाळूला खवले. माझं अक्षर मोठं आणि वाकडं, मी लिहायला उशिरा शिकलो. केयाला मराठी सावकाश वाचता येतं, त्यामुळे माझं अक्षर तिला सोयीचं पडलं. बोट फिरवत फिरवत ती एका ओळीवर थांबली.

"काका, हे काय आहे? 'नाक सोडले'?"

ती ओळ मीच लिहिली होती. पाच आठवड्यांपूर्वी, तिसऱ्या अंघोळीच्या दिवशी. लिहिताना मला त्यात काहीच वाटलं नव्हतं.

"नाक चिमटीत धरून सरळ करतो ना आपण," कांचन म्हणाली. "हिचं करायचं सोडून दिलं. नाकाच्या शेंड्याला बोट लागलं की मान मागे झटकायची. दर वेळी."

"दर वेळी? सवय नाही झाली?"

"तेच तर. बाकीची पोरं एकदा तोंड वाकडं करतात, दोनदा करतात, मग कंटाळतात. ही दहा वेळा लावलं तर दहा वेळा. मला तिची दया आली. म्हटलं, राहू दे नाक, आहे तसं छान आहे."

"कोणाला सांगितलंस?"

"राधिकाला. ती म्हणाली, सेन्सिटिव्ह आहे."

केयाने आपल्या नाकाच्या शेंड्यावर बोटाने एक टिचकी मारली. मग आणखी एक. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "काका, तो व्हिडिओ दाखवा. आणि मावशीच्या हातांकडे बघू नका. सगळे हातच बघतायत."

३

आम्ही तो बारा-तेरा वेळा पाहिला. मला प्रत्येक वेळी कांचनचे हातच दिसत होते.

"रेखाताई काय म्हणतात?" केयाने विचारलं. "सगळं ऑर्डरने सांगा."

मी सांगितलं. रेखाचं म्हणणं असं: मी नाव सांगत होते, या बाईंनी मला ढकललं, माझा हात लागून घुगऱ्यांचं ताट पडलं, त्यांनी बाळ ओढलं, दुमडलं, आणि मग बाळ निळं पडलं.

"आधी ढकललं, मग ताट?"

"हो."

केयाने व्हिडिओ अगदी सुरुवातीला आणून थांबवला. कांचन अजून पाळण्यापासून दोन पावलं लांब होती. "आता जमीन बघा."

पाळण्याखाली, सतरंजीभर, घुगऱ्या पसरलेल्या होत्या.

ताट आधीच पडलेलं होतं! कांचन तिथे पोचायच्या आधी. आणि मला एकदम आठवलं. घरी आल्यावर कांचनच्या तळपायांना चेंगरलेले हरभरे चिकटलेले होते, मीच ते धुऊन काढले. ती सांडलेल्या हरभऱ्यांवरून चालत गेली होती.

"म्हणजे रेखा खोटं बोलते?"

"नाही काका. घाबरलेलं माणूस खोटं नाही बोलत. त्याचा सीक्वेन्स बिघडतो. धपाट्यांनी त्या पुढे झुकल्या, कोपर ताटाला लागलं. मग मावशी आली. त्यांच्या डोक्यात मावशीच आधी आली." तिने व्हिडिओ पुढे सरकवला. "मावशी का धावली? कारण बाळ ऑलरेडी ताठ झालं होतं. पण मला दुसरंच काहीतरी खटकतंय. हा कोण?"

मागे, आतल्या खोलीच्या दारात, चौकटीला धरून एक माणूस उभा होता. त्याचं अर्धंच अंग दिसत होतं.

"तो सुशांत. बाळाचा बाप."

"बघा." तिने अकरा सेकंदं पुन्हा चालवली. बायका धावल्या, एक खुर्ची उलटली, आजोबांच्या वयाचे एक गृहस्थसुद्धा पुढे आले. दारातला माणूस हलला नाही. हात नाही, पाय नाही. त्याची मुलगी चार पावलांवर निळी पडत होती आणि तो खांबासारखा उभा होता.

"बाप असून?" मी म्हणालो.

"तेच विचारायचंय," केया म्हणाली. "उद्या."

४

मंगळवारी मी केयाला हॉस्पिटलला नेलं. मला आत जायची परवानगी नव्हती, पण राधिका खाली कॅफेटेरियात आली. तिच्या केसांना बारशाच्या गजऱ्यातलं एक वाळलेलं फूल अजून अडकलं होतं. तिचं तिला माहीत नव्हतं.

"सगळ्या टेस्ट नॉर्मल आहेत," ती म्हणाली. "मेंदूचा स्कॅन क्लीन, फिट्सची टेस्ट क्लीन. हाड मोडलेलं नाही. म्हणूनच ते आमच्याकडे संशयाने बघतायत. केया, खरं सांग, मावशींनी..."

"राधिका, तुमच्या घरची बेल कधीपासून बंद आहे?"

"काय?"

"बेल. बाळ झाल्यापासून?"

राधिका गोंधळली. "नाही. लग्न झालं तेव्हापासून. सुशांतला आवाज आवडत नाही. कपाटांच्या दारांना पण त्याने फेल्टच्या मऊ पट्ट्या लावल्यात. कुकरची शिट्टी नको म्हणून आम्ही इलेक्ट्रिक पॉट घेतला. तो तसा शांत आहे यार, त्याला गोंगाट नको असतो, बस."

"दिवाळीत फटाक्यांना येतो?"

"कधीच नाही."

सुशांत आमच्याशी बोलला तो पार्किंगमध्ये, तेही गाडीला टेकून. त्याच्या हनुवटीवर जुना, रुंद व्रण होता. नजर खाली.

"मी घाबरलो," तो म्हणाला. "बस. घाबरलो आणि हललो नाही. लिहा तसं. मुलगी मरत होती आणि बाप उभा राहिला. झालं?" आणि हॉस्पिटलच्या भिंतीला हात लावत लावत तो आत गेला.

मला त्याचा राग आला. केया मात्र त्याच्या त्या हाताकडे बघत राहिली. "काका, रस्ता मोकळा असून तो भिंतीकडेने का गेला?"

बुधवारी पार्सिपनीला रेखाकडे. तिने चहा ठेवला, पण आमच्यासमोर बसायला तयार नव्हती.

"तुम्ही त्यांचे मिस्टर. तुम्ही त्यांचीच बाजू घेणार."

"मी बाजू घ्यायला नाही आलो, ताई. मी गाडी चालवतो फक्त."

त्यावर ती नाइलाजाने हसली आणि बसली. केयाने तिला बारशाबद्दल एक शब्द विचारला नाही. विचारलं वडिलांबद्दल.

"बाबांचं काय? ते गेले. नागपूरला." रेखाचा आवाज कोरडा झाला. "देवदत्तराव म्हटलं की लोक हसायचे. चालता चालता पडायचे. भर रस्त्यात. समोरचे दोन दात गेले होते. मी कॉलेजात होते तेव्हा दिवाळीत जिन्यावरून पडले, ते उठलेच नाहीत. लोक म्हणाले, दारू."

"पीत होते?"

"आईने शपथेवर सांगितलं, थेंब नाही. कोणी ऐकलं नाही. मीही नाही."

"पडताना हात पुढे करायचे?"

रेखा विचारात पडली. तिने स्वतःचे हात पुढे केले, बघितले, मागे घेतले. "नाही," ती हळू म्हणाली. "हे कधी लक्षातच आलं नव्हतं. झाड कोसळावं तसे पडायचे. तोंडावर. हात शरीराला चिकटलेले."

केयाने चहाचा कप खाली ठेवला. तोही अगदी हळू, आवाज न करता.

५

गुरुवारी चार वाजता सुशांतच्या घरी आम्ही सगळे जमलो. मिसेस डॉसन उंच, पांढऱ्या केसांची बाई, मांडीवर फाईल. राधिका, सुशांत, रेखा, कांचन, मी. रिकामा पाळणा अजून तिथेच होता.

केया इंग्रजीत बोलत होती आणि मध्येमध्ये आमच्यासाठी मराठीत. मी माझ्या शब्दांत सांगतो.

"मला आधी एक छोटी टेस्ट करायची आहे," ती म्हणाली. "मी प्रत्येकाच्या नाकावर टिचकी मारणार आहे."

मिसेस डॉसन बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "माझ्यासुद्धा?"

"तुम्ही पहिल्या."

तिने हलकेच मारली. बाईंनी डोळे मिटले, उघडले. दुसऱ्यांदा थोडे मिटले. चौथ्यांदा काहीच नाही. मग मी. मग कांचन, ती म्हणाली, "माझ्या नाकात दम नाही राहिला गं आता." रेखा हसली, आणि हसल्याबद्दल तिलाच वाईट वाटलं. तिलाही चौथ्या टिचकीला काही झालं नाही.

सुशांत सोफ्यावर बसला होता. "मला नको," तो म्हणाला.

"सुशांत, इलासाठी."

नाव अजून कानात सांगून झालेलं नव्हतं, तरी ते ऐकल्यावर त्याने मान वर केली.

पहिल्या टिचकीला त्याचं डोकं मागे झटकलं. दुसऱ्या टिचकीला तसंच. पाचव्याला तसंच, आठव्याला तसंच. जणू प्रत्येक टिचकी पहिलीच होती. कांचनने तोंडावर हात ठेवला. ही मान तिने पाहिली होती, पहिल्या तीन अंघोळींत, आपल्या पायांवर.

"त्या दिवशी दारात काय झालं?" केयाने विचारलं.

"ताट पडलं," तो म्हणाला. "मला सगळं दिसत होतं. सगळं ऐकू येत होतं. मी तिच्याकडे निघालो होतो. पण हात हलला नाही. चौकट सोडली असती तर तोंडावर पडलो असतो. लहानपणापासून असंच आहे. बाबांसारखं. मला वाटायचं, मी भित्रा आहे. हे कोणाला सांगणार?"

राधिका उठून त्याच्या शेजारी जाऊन बसली. तिने त्याचा हात धरला, जोरात नाही.

मग केयाने आम्हाला जे सांगितलं, ते ऐकून मी चकित झालो, आणि अजून आहे.

ती म्हणाली, दचकतो सगळेच. ताट पडलं की अंग आखडतं. पण क्षणात सुटतंही, कारण पाठीच्या कण्यात आणि मेंदूच्या देठाशी एक ब्रेक आहे. तिथल्या मज्जापेशींवर बारीक बारीक दारं आहेत. ग्लायसिन नावाचा निरोप्या येतो, दाराला लागतो, दार उघडतं, क्लोराइडचे कण आत शिरतात आणि उसळलेली पेशी शांत होते. हे सगळं सेकंदाच्या हजाराव्या भागात. दार पाच तुकड्यांचं, वर्तुळात मांडलेलं. त्यातला महत्त्वाचा तुकडा कसा घडवायचा ते एका जनुकात लिहिलेलं असतं. पाचव्या गुणसूत्रावर. त्याचं नाव जीएलआरए-वन.

"त्या जनुकाची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून," ती म्हणाली. "एकच प्रत बिघडलेली असली तरी आजार व्हायला पुरते. चांगल्या तुकड्यांत एखादा वाईट तुकडा बसला की दार नीट उघडत नाही. मग दचकणं सुटत नाही, अंग ओंडक्यासारखं ताठ होतं. माणूस शुद्धीवर असतो, पण पडताना हात पुढे येत नाहीत. मोठ्या माणसाचे दात पडतात. छोट्या बाळाची छाती ताठ होते आणि श्वास थांबतो."

मी घाटात भरलेला ट्रक उतरवलेला माणूस आहे. ब्रेक म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको. पण असला ब्रेक माझ्या पाठीत सत्तर वर्षं चालू आहे, दर हॉर्नला, दर आपटलेल्या दाराला, आणि मी त्याची एकदाही आठवण काढली नव्हती.

"रेखाताईंना वडिलांकडून चांगली प्रत मिळाली, सुशांतला बिघडलेली. आणि त्याच्याकडून बाळाला," केया म्हणाली. "सकाळी मी इलाच्या डॉक्टरांशी बोलले. त्यांनी तिच्या नाकाला बोट लावलं. दहापैकी दहा वेळा मान मागे गेली. औषध आजच सुरू होतंय. रक्ताचा रिपोर्ट यायला दोन आठवडे, पण त्यांना शंका नाही. ते स्वतः तुमच्याशी बोलतील."

मिसेस डॉसन लिहीत होत्या. त्यांनी पेन थांबवलं. "आणि तो व्हिडिओ? बाळाची ती घडी?"

केया कांचनकडे वळली. "मावशी, तसं धरायला तुला कोणी शिकवलं?"

"कोणी नाही गं. अंघोळीत कधी ताठ व्हायची. मी हात फिरवून बघितलं, पाठ चोळून बघितली. पाय पोटाशी आणि डोकं छातीशी घेतलं की सुटायची. मग तेच करायचं ठरवलं."

केया मिसेस डॉसनना म्हणाली, "या आजारात बाळाचा श्वास थांबला तर काय करायचं हे डॉक्टर आईवडिलांना शिकवतात. डोकं आणि पाय पोटाकडे दुमडायचे. नेमकं हेच. डॉक्टरांना ते पुस्तकातून कळतं. या बाईंना हातातून कळलं. त्या अकरा सेकंदांत इजा झालेली दिसत नाही, मॅडम. इलाचा जीव वाचलेला दिसतो."

मिसेस डॉसननी फाईल मिटली. "मी इलाच्या डॉक्टरांना फोन करते," त्या म्हणाल्या, आणि स्वयंपाकघरात गेल्या. जाताना मधलं दार त्यांनी मुद्दाम हळू लावलं.

रेखा जमिनीवर बसली होती. ती कांचनला काही म्हणेल असं मला वाटलं, पण ती सुशांतकडे बघत होती.

"बाबा पीत नव्हते," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली. मग ती रडायला लागली, आणि कांचननेच जाऊन तिच्या पाठीवर हात ठेवला.

६

मुलगी शुक्रवारी घरी आली. दोन आठवड्यांनी रिपोर्ट आला: बापाच्या आणि लेकीच्या जनुकात तोच एक बदल. सुशांतही आता तेच औषध घेतो. कॅन्सल केलेल्या तिन्ही घरांनी फोन केले. कांचन म्हणाली, "बघते, वेळ आहे का." वेळ होता, पण दोन दिवस तिने त्यांना वाट बघायला लावलं. तेवढा तिचा हक्क होता.

आणि बारसं पुन्हा झालं, कारण नाव सांगायचं राहिलं होतं.

असलं बारसं मी जन्मात पाहिलं नव्हतं. ताट आधीच जमिनीवर ठेवलेलं, खाली घडी घातलेली चादर. बायका पायमोजे घालून उभ्या. पाळण्याशी कांचन बसली होती, एक हात इलाच्या गुडघ्यांखाली आणि एक मानेखाली, तयार. रेखा वाकली. तिने पहिल्यांदा बोटाने बाळाच्या कानाला स्पर्श केला, मी येतेय म्हणून सांगायला. मग कुजबुजली. कुर्र नाही. मागच्या बायकांनी धपाटे घातले नाहीत, एकेकीने तिच्या पाठीवरून फक्त हात फिरवला.

बाळाने डोळे उघडले, आत्याकडे पाहिलं आणि जांभई दिली.

सुशांत या वेळी दारात नव्हता. तो खोलीच्या मधोमध उभा होता, भिंतीपासून लांब, हात मोकळे. राधिका त्याच्या मागे अर्ध्या पावलावर होती. त्याने कोणाला विचारलं नाही. पुढे झाला, वाकला आणि लेकीला उचलून घेतलं. कांचनने आपले हात काढून घेतले, सावकाश, एकेक बोट.

त्या संध्याकाळी मी वही काढली तेव्हा कांचन मला म्हणाली, "लिहा, इला. आणि पुढे लिहा, नाक आहे तसंच राहू दे. बापाचं आहे."